डबल बेल

रंकाळ्याच्या पदपथावर आप्पा पहिल्यांदा दिसले तेव्हा मी निमूट बाजूला झालो. मी एकटाच नव्हे, पुढचे सगळेच झाले. कोल्हापूरचा माणूस सहजासहजी कुणाला वाट देत नाही. पण पहाटे साडेपाचला साठीचा एक गृहस्थ, कोपरं काटकोनात, मुठी आवळलेल्या, ओठ घट्ट मिटलेले, गुडघे ताठ आणि कंबर घटकेत डावीकडं घटकेत उजवीकडं, अशा थाटात झपाट्यानं येतोय म्हटल्यावर त्याला कुठं आणि कशासाठी पोहोचायचंय याविषयी कुणालाच शंका उरत नाही. एका दूधवाल्यानं तर मोटारसायकल वळवून शेजारी लावली.

"बसा मागं. सोडतो. लांब न्हाई."

"व्यायाम हाय ह्यो!" आप्पा न थांबता म्हणाले.

"असू दे की," दूधवाला समजुतीनं म्हणाला, "सगळ्यांनाच हुतंय. लाजायचं काय त्यात?"

चालण्याची शर्यत नावाचा खेळ असतो आणि तो ऑलिंपिकमध्ये 1908 पासून आहे, ही माहिती आमच्या पेठेला आप्पांकडून मिळाली. ती पचायला वेळ लागला. ऑलिंपिक म्हटलं की कोल्हापूरला खाशाबा जाधवांचं 1952 चं ब्राँझ आठवतं आणि अलीकडं स्वप्नील कुसाळेचं 2024 चं. कुस्ती कळते, नेमबाजीही कळते. पण माणूस नुसता चालतो आणि त्याला पदक देतात? आप्पांचा घरून रंकाळ्याला जायचा रस्ता गंगावेशीवरून. तिथल्या कट्ट्यावर म्हशीखालचं धारोष्ण दूध पीत उभ्या असलेल्या एका वस्तादांनी चार दिवस त्यांची चाल बारकाईनं पाहिली. पाचव्या दिवशी पेला खाली ठेवून त्यांनी शेजारच्या पैलवानाला विचारलं, "गडी चालतोय का लाजतोय?"

आप्पा म्हणजे एसटीचे निवृत्त कंडक्टर. चौतीस वर्षं नोकरी, त्यातली बरीचशी कोल्हापूर–रत्नागिरी मार्गावर. मलकापूर सुटलं की आंबा घाट, घाट उतरला की साखरपा. हा घाट बसून पार करणाऱ्यांचंच पोट ढवळतं, आप्पांनी तो उभ्यानं पार केला. गळ्यात चामड्याची पिशवी, एका हातात तिकिटांची पेटी, दुसऱ्यात पंच, दातांत दहाची नोट, कानावर पेन्सिल. दोन्ही पाय गाडीच्या पत्र्याला चिकटलेले, मान सरळ, आणि मधली कंबर तेवढी घाटाच्या हवाली केलेली. चालण्याच्या शर्यतीत नेमकी हीच कंबर लागते. ती सुटी होण्यासाठी खेळाडू वर्षानुवर्षं घाम गाळतात. आप्पांची कंबर राज्य परिवहन महामंडळानं पगार देऊन सुटी करून दिली होती.

या खेळाशी त्यांची गाठ रत्नागिरीच्या मुक्कामात पडली. तारीख ते तिकिटावरच्यासारखी सांगतात: 4 ऑगस्ट 2012. मुक्कामी गाडी लावून, वेबिल पुरं करून विश्रांतीगृहात पाठ टेकली, तर टीव्हीवर लंडन ऑलिंपिकची वीस किलोमीटर चालण्याची शर्यत चालली होती. त्यात केरळचा के. टी. इरफान एक तास वीस मिनिटं एकवीस सेकंदांत दहावा आला. आपला पोरगा जगात दहावा आला याचा आप्पांना आनंद झालाच, पण त्यांची नजर अडकली ती भलतीकडं.

"रस्त्याच्या कडंला मानूस हुबा, मास्तर. डोक्यावर टोपी, हातात पाटी. येनाऱ्या-जानाऱ्याचं पाय वाकून वाकून बगतोय. मी ताडकन उठून बसलो. म्हटलं, ह्यो तर आपला चेकर!"

कंडक्टरच्या आयुष्यात चेकरचं स्थान काय असतं हे बाहेरच्याला सांगून कळणार नाही. तो कुठल्या वळणावर उभा असेल याचा नेम नसतो. तो गाडीत चढला की प्रामाणिक कंडक्टरलासुद्धा आपण कुठंतरी चुकलोय असं वाटायला लागतं. आप्पांवर चौतीस वर्षांत एकही केस झाली नाही, तरी डबा उघडून जेवताना त्यांची नजर अजून रस्त्याकडं असते. अशा माणसाला, जिथं दर वळणावर चेकर उभा आहे असा खेळ जगात आहे हे कळलं, तेव्हा भीती वाटायला हवी होती. आप्पांना घरी आल्यासारखं वाटलं.

पुढं निवृत्ती आली, पाठोपाठ साखर आली. डॉक्टर म्हणाले, "चाला." आप्पांनी विचारलं, "कसं?" हा प्रश्न आजवर कुणी विचारला नसल्यामुळं डॉक्टर गडबडले आणि "जोरात" म्हणाले. कागदावर तेवढंच लिहून घेऊन आप्पा आले आणि दुसऱ्या दिवसापासून नियमाप्रमाणं चालू लागले.

नियम मोजून दोन आहेत. एक पाय कायम जमिनीला लागलेला हवा, दोन्ही एकदम उचलले की ते पळणं झालं. दुसरा, पुढं टाकलेला पाय जमिनीला टेकल्यापासून शरीर त्याच्यावर सरळ उभं येईपर्यंत गुडघ्यात वाकता कामा नये. पहिली चूक होतेय असं वाटलं तर पंच नागमोडी रेघेची पिवळी पाटी दाखवतो, दुसरीला कोनाच्या खुणेची. ही ताकीद. खरोखरच चूक दिसली तर तो लाल कार्ड लिहून मुख्य पंचाकडं पाठवतो आणि खेळाडूचा नंबर फलकावर लागतो. अशी तीन कार्डं, तीही तीन वेगवेगळ्या पंचांची, जमा झाली की खेळाडू बाद. काही शर्यतींत लगेच बाद न करता दंडाच्या जागेत थोडा वेळ उभं करतात. पाच हजार मीटरला अर्धं मिनिट.

हे सारं आप्पा एसटीच्या भाषेत सांगतात आणि खरं तर त्याच भाषेत ते नीट कळतं. "पिवळी म्हंजे समज. लाल म्हंजे केस. नंबर लागतोय नोटीस बोर्डावर, डेपोतल्यागत. आनि एकाच चेकरनं खुन्नस धरून तीन केशी केल्या तर चालत न्हाई, मास्तर. तीन येगळी मानसं पायजेत. ह्यो नियम आमच्याकडं असता तर..." इथं ते थांबतात. कुणाची तरी आठवण येत असावी.

सिडनीची कथा तर ते कीर्तनकाराच्या ठेक्यात सांगतात. सन 2000 चं ऑलिंपिक, बायकांची वीस किलोमीटर. ऑस्ट्रेलियाची जेन सॅव्हिल आपल्याच देशात सगळ्यांच्या पुढं. स्टेडियमचं तोंड समोर दिसतंय, आत लाख माणूस वाट बघतंय, सोनं हातभर अंतरावर. आणि दारातच मुख्य पंच लाल पाटी धरून उभा. "डेपोच्या गेटात धरली, मास्तर! डेपोच्या गेटात!" रंकाळ्याच्या कठड्यावर बसून ही गोष्ट मी सात-आठ वेळा ऐकली आहे आणि दर वेळी आप्पांचा आवाज त्याच जागी घोगरा होतो.

मी यात ओढला गेलो तो शिक्षक असल्यामुळं. "तुमास्नी चुका काडायची सवय हाय," आप्पा म्हणाले आणि मला पंच नेमून मोकळे झाले. डालड्याच्या डब्यांची दोन पिवळी झाकणं, त्यांना खाली लाकडी पट्टी, एकावर नागमोडी रेघ, दुसऱ्यावर कोन. ही आयुधं घेऊन मी पहाटे उद्यानातल्या कडुलिंबाखाली उभा राहायचं आणि आप्पा समोरून गेले की त्यांच्या पायांवर डोळे रोखायचे. हे दिसतं तितकं सोपं नाही. एक तर साठीच्या माणसाच्या पायांकडं टक लावून बघण्यात फारसं मन रमत नाही. दुसरं म्हणजे बाकावर बसलेल्या जोडप्यांना ते झाकण आपल्यालाच दाखवलं जातंय असं वाटायचं. एक मुलगा तर उठून माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "सर, आम्ही नुसतं बोलतोय."

सुरुवातीला आप्पा कोल्हापुरी पायताण घालून चालत. यामागंही विचार होता. अस्सल पायताण करकरतं, आणि करकर अखंड ऐकू येते तोवर पाय जमिनीला लागलेला आहे असा त्यांचा सिद्धांत. मला नुसतं डोळे मिटून ऐकायचं होतं. सिद्धांत उत्तम होता, पण या चालीत टाच आधी टेकते आणि पाऊल पुढं गुंडाळत जातं. पायताणाला ती सवय नाही. तिसऱ्या आठवड्यात अंगठा तुटला आणि आप्पा एका पायात पायताण, एक हातात, अशा स्थितीत फेरी पुरी करून आले. "संपर्क सोडला न्हाई," त्यांनी आल्या आल्या सांगितलं. मग पातळ तळव्याचे बूट आले, आणि बुटांमागोमाग नडगीचं दुखणं आलं. पायाचा पुढचा भाग सतत वर उचलून धरल्यामुळं या खेळात पोटरीपेक्षा नडगी आधी बोलते. आप्पांच्या पत्नी आक्का रोज रात्री तेल गरम करून देत आणि तेलाबरोबर चार शब्दही.

"चौतीस वर्सं हुबं ऱ्हायलं. म्हटलं, आता तरी बसतील घरात. तर ह्यांचं ह्ये! कंबर हलवायची हौस हाय तर पाटा-वरवंटा हाय की. चटनी वाटा. कोन पिवळी पाटी दावनार न्हाई."

2022 साली आक्कांचा विरोध एका दिवसात मावळला. बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत प्रियांका गोस्वामीनं दहा हजार मीटर चालण्यात रौप्य मिळवलं आणि तिचे वडील उत्तर प्रदेशच्या एसटीत कंडक्टर होते, ही बातमी आप्पांनी पेपरातून मोठ्यानं वाचून दाखवली. आक्कांनी पोळपाटावरचं लाटणं थांबवलं. "कंडक्टरची पोरगी?" त्यांनी दोनदा विचारलं. त्या रात्री तेल न मागता आलं. शब्दही आले, पण निम्मे.

रंकाळ्याची एक फेरी नेमकी किती भरते यावर कोल्हापुरात एकमत नाही. कुणी चार किलोमीटर म्हणतं, कुणी साडेचार. कठडा धरून चाललं की रस्ता धरून, यावर वाद होतो आणि तो चहापर्यंत पुरतो. आप्पांनी सायकलच्या चाकाला लाल चिंधी बांधून, वळसे मोजत, ढकलत ढकलत फेरी मोजली आणि आकडा कुणालाच सांगितला नाही. सांगितला तर लोक भाडं विचारतील म्हणाले.

याच दिवसांत त्यांना दोन सोबती मिळाले. पहिली म्हैस. तलावाकडं निघालेल्या म्हशींचा कळप वाटेत आला की आप्पा त्यांच्या मागं चालत पाय निरखत. "बगा. चार पाय हाईत, पन हवेत एक बी जादा जाईत न्हाई. हिला नागमोडी पाटी दावून दाखवा कोन!" मी म्हटलं, गुडघ्याचं काय? आप्पा खाली वाकले, बराच वेळ बघत राहिले आणि खेदानं म्हणाले, "गुडघ्यात बाद हुती."

दुसरा, कुत्रा. रंकाळ्यावरची भटकी कुत्री पळणाऱ्याच्या मागं लागतात, हा त्यांचा परंपरागत हक्क आहे. एक तांबडा, कान फाटलेला गडी आप्पांच्या मागंही लागला. दुसऱ्या कुणीही धूम ठोकली असती. आप्पांना तो पर्याय नव्हता. ते ताठ गुडघ्यांनी, कंबर हलवत, नियमात राहून भराभरा चालत राहिले आणि कुत्रा पेचात पडला. पळत नाही त्याला चावायचं कसं? भुंकत भुंकत तोही चालायला लागला, पुढं भुंकायचं थांबला, आणि दुसऱ्या दिवसापासून आप्पांच्या टाचेशी नाक लावून अख्खी फेरी करू लागला. आप्पांनी त्याचं नाव चेकर ठेवलं.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग सुट्टीला आलेल्या नातवानं आप्पांचं चालणं मोबाईलवर टिपलं आणि संथ गतीनं लावून दाखवलं.

पडद्यावर आप्पा पाण्यात पोहल्यासारखे येत होते. मागच्या पायाची बोटं जमिनीवरून सुटली. पुढची टाच टेकायची होती. आणि या दोहोंच्या मध्ये, पापणी लवायच्या आत संपणाऱ्या एका क्षणात, महाराष्ट्र राज्य परिवहन महामंडळाचे निवृत्त वाहक दोन्ही पायांनी हवेत होते. नातू खूश झाला. "आजोबा, उडताय!"

आप्पा तीन दिवस घराबाहेर पडले नाहीत. चेकर पदपथावर येऊन परत जायचा. चौथ्या दिवशी मी घरी गेलो आणि समजावलं: अहो, जगातले सगळेच उडतात. जपानच्या तोशिकाझू यामानिशीनं 2025 मध्ये वीस किलोमीटर एक तास सोळा मिनिटं दहा सेकंदांत चालून विक्रम केलाय. म्हणजे ताशी पावणेसोळा किलोमीटर. आंबा घाट चढताना तुमची गाडी तरी एवढी जायची का? असं चालताना कॅमेऱ्यात थोडं सुटलेलं दिसणारच. म्हणून नियमातच लिहिलंय की संपर्क सुटल्याचं पंचाच्या नुसत्या डोळ्यांना दिसलं तरच चूक. कॅमेऱ्यावरून कुणी बाद होत नाही.

मला वाटलं, त्यांचा चेहरा उजळेल. तो आणखी पडला.

"म्हंजे चेकरला दिसलं न्हाई तर चोरी न्हाई?"

"या खेळात तसं आहे."

"सीटखाली लपलेला शीट मला दिसला न्हाई, तर त्याचं तिकीट निघालं?" आप्पांनी विचारलं. एसटीत प्रवाशाला 'शीट' म्हणतात, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. यावर माझ्यापाशी उत्तर नव्हतं. जागतिक संघटनेपाशीही असेल असं वाटत नाही.

त्या दिवसापासून आप्पांनी स्वतःचा कायदा केला. कॅमेऱ्यालासुद्धा दिसता कामा नये. मागचा पाय पुढच्या पायाची पोच मिळाल्याखेरीज उठायचा नाही. नातू रोज तपासणी करी आणि आप्पा रोज वेग कमी करत. महिन्याभरात ते शंभर टक्के निर्दोष झाले आणि अंबाबाईच्या काकडआरतीहून परतणाऱ्या आज्या त्यांच्या पुढं जाऊ लागल्या. एकीनं जाता जाता विचारलंही, "बरं वाटत न्हाई व्हय?"

या वेगानं त्यांनी शेजारच्या जिल्ह्यातल्या ज्येष्ठांच्या स्पर्धेत नाव घातलं. पस्तिशीपुढच्या खेळाडूंसाठी दर पाच वर्षांचा एक गट असतो, तसल्या स्पर्धा. साठ ते चौसष्ट गट, पाच हजार मीटर चालणे. मैदान चारशे मीटरचं, म्हणून साडेबारा फेऱ्या. आप्पांच्या गटात तिघंच होते आणि पदकं तीन. हे मी आदल्या दिवशीच शोधून काढलं होतं, पण त्यांना सांगितलं नाही.

शर्यत पाहण्यासारखी होती असं मी म्हणणार नाही. ऊन चढत होतं. पुढचे दोघे झपाझप गेले, त्यातल्या एकाला पिवळी दाखवली गेली तेव्हा आप्पांनी चालता चालता समाधानानं मान हलवली. ते स्वतः संथ, निष्कलंक येत होते. पंच त्यांच्याकडं एकदा बघत आणि मग घड्याळाकडं. पुढचे दोघे संपवून लिंबूपाणी प्यायले, टोप्या काढून सावलीत बसले. आप्पांची साडेअकरावी फेरी पुरी होत आली.

शेवटच्या फेरीला घंटा वाजवतात. सगळ्या जगात वाजवतात. टेबलाशी बसलेल्या गृहस्थांनी आप्पा रेषेवर येताच घंटेवर एक टोला हाणला. टण्.

आप्पा जागच्या जागी थांबले.

एक पाय पुढं, एक मागं, दोन्ही जमिनीला लागलेले. टेबलावरचे गृहस्थ ओरडले, "अहो, चला! एक फेरी राहिली!" आप्पा हलेनात. लोकांना वाटलं, झटका आला. कुणीतरी पाणी घेऊन धावलं. मला क्षणभर काही सुचेना, आणि मग एकदम उजेड पडला. चौतीस वर्षं ज्यांनी दोरी ओढून गाडी थांबवली आणि सोडली, त्यांच्या हाडात एक टोला म्हणजे थांबा, दोन म्हणजे जाऊ द्या. मी गॅलरीतून जिवाच्या आकांतानं ओरडलो, "डबल द्या! डबल!"

गृहस्थांनी माझ्याकडं बघितलं, घंटेकडं बघितलं आणि दोन टोले दिले. टण् टण्.

आप्पा सुटले. आयुष्यात पहिल्यांदा ही घंटा दुसऱ्या कुणीतरी त्यांच्यासाठी दिली होती. कंबर घाटाच्या वळणावर आल्यागत मोकळी झाली, हात आगगाडीच्या दांड्यांसारखे फिरू लागले, आणि ती चारशे मीटर ते असे गेले की सावलीतले दोघे उठून उभे राहिले. बेचाळीस मिनिटं, वर काही सेकंद. तिसरा क्रमांक, ब्राँझ. मी धावत खाली गेलो तर आप्पा मुख्य पंचांपुढं उभे. दम लागलेला, तरी हात जोडलेले.

"साहेब, शेवटच्या फेरीला संपर्क सुटला. दोन डाव. केस करा."

"मला दिसला नाही," मुख्य पंच म्हणाले.

"तुमी पानी पीत हुता. मी सांगतोय न्हवं?"

जेवणाची वेळ झाली होती. मुख्य पंचांनी शांतपणे टोपी काढली. "काका, समजा मी धरलं तुमचं. एक कार्ड झालं. बाद करायला तीन लागतात, तीन वेगळ्या पंचांची. तुम्ही एकटेच सांगताय."

आप्पांनी तोंड उघडलं आणि मिटलं. नियम त्यांना पाठ होता.

परतीच्या गाडीत ते तिकीट काढून मुकाट बसले. कंडक्टर ओळखीचा निघाला, गळ्यातल्या पदकाबद्दल त्यानं विचारलं तर म्हणाले, "वादात हाय." रात्री त्यांनी जुन्या वेबिलाच्या कोऱ्या बाजूवर तीन लाल कार्डं लिहिली: नाव, गट, कारण 'संपर्क सुटणे', खाली सहीची जागा. पहिली सही आग्रह करून माझ्याकडून घेतली. मी गॅलरीत होतो आणि मला दिसलं होतं, हे नाकारता येईना. दुसरी त्यांनी त्या सावलीत बसलेल्या रौप्यवाल्याकडून पत्रानं मागवली. तो भला माणूस, त्यानं सही करून वर अभिनंदनही लिहिलं. तिसऱ्या सहीसाठी नातवाचं नाव निघालं होतं, पण तो घरचा आणि त्या दिवशी हजरही नव्हता. टेबलावरचे घंटावाले म्हणतात, मी घंटेकडं बघत होतो.

पदक तोवर माझ्या कपाटात आहे, प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर आप्पांच्या अक्षरातली चिठ्ठी: 'गाडीत सापडलेली वस्तू. मालक मिळेपर्यंत जमा.' आप्पा पहाटे साडेपाचला रंकाळ्यावर असतात. मी झाडाखाली झाकणं घेऊन उभा असतो. ते मोकळ्या कमरेनं समोरून आले की मी खिशातली सायकलची घंटी दोनदा वाजवतो, आणि चेकर त्यांच्या टाचांकडं बघायचं सोडून माझ्याकडं बघतो.